आज कोणाचाच नाही

मानवजातीची स्मृती ग्रंथालयांत नाही, संग्रहालयांत नाही, राजवाड्यांच्या तळघरांतही नाही. आम्हा डच लोकांची तरी ती संडासात आहे. कमोडवर बसलं की बरोबर डोळ्यांसमोर, खिळ्याला टांगलेली. बारा पानं, ना वार ना साल. नुसत्या तारखा आणि त्यांच्यापुढे वाढदिवसवाल्यांची नावं. एकदा लिहिलं की कॅलेंडर वीस-वीस वर्षं चालतं. पाहुणा आत जातो, रिकामा होतो आणि माहितीने भरून बाहेर येतो.

बोल्सवर्डमध्ये या विद्येचा सर्वांत मोठा अधिकारी म्हणजे माझा शेजारी वॉबे टर्पस्ट्रा. गावच्या वर्तमानपत्रात एकतीस वर्षं तो ‘आजचा दिवस’ हे सदर चालवत होता: एक शब्द, एक सण, इतिहासातली एक घटना आणि गावातले वाढदिवस. वाढदिवस तो लोकांच्या संडासांतूनच गोळा करी. कोणाकडे कॉफीला गेला की वहीसकट पंधरा मिनिटं आत. नवख्या यजमानांना त्याच्या पोटाची काळजी वाटायची.

ऑगस्टात त्याच्या स्वतःच्या घरचं कॅलेंडर ओल लागून फुगलं. त्याने नवं आणलं आणि जुन्यावरची नावं सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. वारलेली माणसं अर्थातच गाळायची असतात. चार ऑक्टोबरपुढे एकाच ओळीत लिहिलं होतं, ‘हिस्के आणि आफ्के’. जुळ्या बहिणी. हिस्के फेब्रुवारीत गेली होती. वॉबेने ओळ गाळली.

आफ्के ही त्याची बायको.

चार ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे प्राणिदिन. त्या सकाळच्या सदरात आमच्या भाषेत कासवाला ‘ढालवाला बेडूक’ म्हणतात ही माहिती होती, सत्तावन्न साली रशियनांनी सोडलेला पहिला उपग्रह होता आणि गावातल्या तमाम कुत्र्यामांजरांना शुभेच्छा होत्या. आफ्केने सदर वाचलं आणि कागदाची घडी घातली. तिची सत्तरी होती. जन्मल्यापासून पहिलाच वाढदिवस एकटीचा. दहाच्या सुमारास वॉबे संडासातून पट्टा आवळत बाहेर आला आणि म्हणाला, “आज कोणाचाच नाही गं. सुटलो, कुठे जाऊन केक खायला नको.”

संध्याकाळी मी फुलं घेऊन गेलो. आमच्यात बायकोच्या वाढदिवसाला नवऱ्याचंही अभिनंदन करतात.

“वॉबे, आफ्केबद्दल अभिनंदन!”

“का? काय केलं तिने?”

“सत्तरी गाठली.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं आणि तो संडासात गेला. बाहेर आला तेव्हा गाळलेली ओळ त्याच्या तोंडावर लिहिलेली होती.

“आहे कुठे ती?” मी विचारलं.

“बाजारात गेली असेल.”

“कधी?”

“सकाळी. मी उद्याचा मजकूर लिहीत होतो रे.”

मग तो अंगणात धावला. तिची सायकल नव्हती.

आफ्के मक्कुमला, हिस्केच्या रिकाम्या घरात जाऊन राहिली होती. एवढं तिने मुलीला कळवलं, वॉबेला नाही. त्याचा फोन ती उचलेना. तिसऱ्या दिवशी तो संपादिका लिस्बेथकडे गेला.

“शुद्धिपत्र छाप. पहिल्या पानावर.”

“वॉबे, शुद्धिपत्र चुकीच्या माहितीचं असतं. तू चुकीचं काही छापलंच नाहीस.”

“छापलं नाही हीच तर चूक!”

“मग ज्यांची ज्यांची नावं आपण कधी छापली नाहीत, त्या सगळ्यांची माफी मागत बसू? घरी जा, दाढी कर.”

त्याने दाढी केली नाही. जेवणही जवळजवळ सोडलं. मी नेलेलं सूप तो थंड होईपर्यंत ढवळत बसायचा. सदरात मात्र रोज काही ना काही घरी परतू लागलं: हंस, धूमकेतू, भरकटलेली जहाजं. दहाव्या दिवशी लिस्बेथने सदर बंद केलं. त्याच्या ते लक्षातही आलं नसावं.

वीस तारखेला दुपारी तो माझ्या दारात उभा.

“एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेले आठ जण मी आत्ता म्हणून दाखवीन,” तो म्हणाला, “पण ती मला हाक कशी मारते, ते आठवेना. सोळा दिवस झाले. तिचा आवाज पुसत चाललाय रे. मला घेऊन चल.”

मक्कुमचं घर बांधाच्या पायथ्याशी आहे. पाण्यावरून येणारा वारा असा की गाडीचं दार दोघांनी मिळून लावलं. घंटी वाजवली, कोणी आलं नाही. वॉबे गुडघ्यांवर बसला आणि दारातली पत्रं टाकायची फट उघडून त्याने तिला तोंड लावलं.

“आफ्के, मी आहे.”

आत पावलं वाजली आणि थांबली.

“मी ओळ गाळली म्हणून तू गेलीस, असं सगळे समजतात. तसं नाहीये. दरवर्षी सकाळी सातला हिस्केचा फोन यायचा. तुमचं खिदळणं ऐकू आलं की मी पांघरुणातूनच अभिनंदन म्हणायचो. सेहेचाळीस वर्षं! मला तुझी तारीख कधी येतच नव्हती, आफ्के. गावाच्या तारखा पाठ केल्या, कारण त्या चुकल्या की लोक पत्रं धाडतात. तू कधी पत्र धाडलं नाहीस.” “आता फोन करणारी नाही. मी करीन. दरवर्षी, सातला, शेजारच्या खोलीतून. तू नुसतं उचल. त्या घरात मला एकही दिवस कुठला आहे ते कळत नाही गं. दार उघड.”

वारा घोंगावत होता. मी बुटांकडे बघत राहिलो. मग आतून कोणीतरी फटीचं झाकण धरलं.

“वॉबे?”

तो रडायलाच लागला. “हं! बोल. काहीही बोल!”

“उद्या कचऱ्याची गाडी आहे. बाहेरच आहेस तर हिरवा डबा तेवढा रस्त्याला लावतोस?”