शेवटच्या ओळीतलं नाव

आमचे हे, बळीराम, आता बोलत नाहीत. फक्त गातात. स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमधून रिटायर झाले अन् दुसऱ्याच वर्षी लकवा मारला. घोटभर पाणी मागता येत नाही, पण जयंतीचं गाणं धरलं की कडव्यामागं कडवं, एक शब्द चुकत नाही. सेक्टर दहाच्या विहारात बाया डोळे पुसतात.

पोरगी आम्रपाली रायपूरले मेंदूचं शिकून राहिली. थे म्हणे, "मम्मी, बोलणं डाव्या बाजूले असते, थे खराब झालं. गाणं उजवीकडंही राहते."

"अन् लोकं रडतात कावून?"

"ओळखीची ओळ येणार, हे मेंदूले आधीच समजते. वाट पाहण्यातच मजा सुरू होते. ओळ आली की अंगावर काटा!"

वा रे मेंदू! सारं समजते त्याले, गाणं कोणी केलं थेच समजत नाही. सारी गाणी मी केली. पोळ्या लाटता लाटता जुळवाची अन् यायले गाऊन दाखवाची. शेवटच्या कडव्यात कवीनं आपलं नाव गुंफाचं, असा आमच्यात रिवाज. पण बाईचं नाव मंचावर शोभत नाही, म्हणे! मग यायचं नाव पडलं: 'बळीराम सांगे, उजेड वाटा घरोघरी.' सारी उमर मी मागं बसून कोरस धरला.

आता वाटलं, एकदा तरी चार लोकांत यायच्या तोंडून माझं नाव निघावं. डॉक्टर म्हणालेच होते, जे बोलायचं थे चालीत बसवा. बसवलं. 'भागीरथा सांगे.' रोज घोकून घेतलं. घरात बरोबर गायचे.

जयंतीले विहार भरलं. शेवटचं कडवं आलं. यायनं माझ्याकडं पाहिलं, "भा..." म्हटलं, तेवढ्यात साऱ्या विहारानं "बळीराम!" म्हणून ओळ उचलली. हे हसले. हात वर करून त्यायच्यासंगं 'बळीराम सांगे' गायले. वन्स मोर झाला, पुन्हा थेच गायले.

"मम्मी, इसमें पापा की क्या गलती? मेंदूची जुनी सवय हाये थे," पोरगी म्हणाली.

आग लागो त्या मेंदूले! हसला थो मेंदू होता का?

दुसऱ्या दिवशी जेवाले वाढलं, तर माझ्याकडं पाहून सुरात, "भागीरथा सांगे..."

मी ताट पुढं सरकवलं. म्हटलं, "अवो, घरात कोणाले ऐकवता? मले माझं नाव पाठ हाये."