मिर्कोची सायकल

सायकल बघायला अर्गिरो गेली, तेव्हा लोरेदाना झागीने ती आधीच घरामागच्या गल्लीत आणून उभी केली होती. वर या, कॉफी घ्या, असलं काही नाही. ती सारखी वरच्या खिडकीकडे बघत होती आणि बोलत होती अगदी हळू.

"घेऊन जा. फक्त इथून पायीच ने, कोपऱ्यापर्यंत. मग बस."

"कुणाची आहे?"

"भावाची. तो आता चालवत नाही." जरा थांबून ती म्हणाली, "आणि हे बघ, फिरायचं तर शहराच्या तटबंदीवर, उत्तरेकडच्या तटावर फिर. तिकडे झाडी छान आहे. दक्षिणेचा तट काही खास नाही."

अर्गिरोला हे सगळं विचित्र वाटलं, पण सायकल स्वस्तात मिळत होती आणि तिला ती हवीच होती. ती ग्रीसमधल्या नाक्सोस बेटावरची. तिच्या गावात पायऱ्याच एवढ्या, की गाढवंसुद्धा मध्ये मध्ये थांबून विचार करतात. तिथे सायकल कोण घेणार? इटलीतल्या या फेर्रारात मात्र सायकल नसलेला माणूस लंगडाच. पाद्री सायकलवर, न्यायाधीश सायकलवर, फरचा कोट घातलेल्या म्हाताऱ्याही पुढच्या टोपलीत कुत्रं बसवून सायकलवर. वास्तुकला शिकायला वर्षभरासाठी आलेली ही मुलगी पहिले काही दिवस पायीच फिरली आणि सगळ्यांच्या घंट्या ऐकून ऐकून वैतागली. शेवटी तिच्याबरोबर राहणाऱ्या बेनेदेत्ताने हा व्यवहार जुळवून दिला. ती आणि लोरेदाना एकाच औषधांच्या दुकानात कामाला होत्या.

चालवायला शिकवलंही बेनेदेत्तानेच, किल्ल्यामागच्या चौकात. सीट धरून मागे धावायची आणि ओरडायची, "अगं हँडल आहे ते, गाढवाचे कान नाहीत! सोड जरा!" गुडघे फुटले, कबुतरांना दाणे टाकणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या अंगावर जाता जाता राहिली, आणि एक दिवस बेनेदेत्ता मागे नाहीच हे तिला चौकाच्या टोकाला गेल्यावर कळलं.

मग काय, शहर तिचंच झालं. कमानींच्या अंधाऱ्या गल्लीतून ती मान खाली घालून जायची. हिऱ्यासारखे पैलू पाडलेल्या दगडांच्या महालासमोर बसून चित्रं काढायची आणि तिथला चार शिंगांसारख्या टोकांचा पाव मोडत मोडत घरी यायची. सायकलला एकच खोड होती. चेनकव्हर कुठेतरी वाकलेलं होतं. पायडलच्या दर फेऱ्याला टक् वाजायचं आणि पाठोपाठ एक लांब किर्र. दुरुस्त करू, करू म्हणता राहून गेलं. पुढे तर तो आवाज तिला सोबतीसारखा वाटायला लागला.

नोव्हेंबरात धुकं उतरलं. उतरलं म्हणतात, पण त्या सपाट मुलखात ते जमिनीतूनच वर येतं. आधी चाकं दिसेनाशी होतात, मग माणसं. अर्गिरोने जन्मात असलं काही पाहिलं नव्हतं. तिच्या बेटावर पाच कोसांवरची बकरीही दिसते. इथे स्वतःचा हात लांब केला की तो दुसऱ्या कुणाचा वाटायचा.

त्यातच एकदा कॉलेजातून येताना वाट चुकून ती दक्षिणेच्या तटावर चढली. दोन्ही बाजूंना झाडांच्या नुसत्या सावल्या. टक्, किर्र. टक्, किर्र. आणि खालून, उजवीकडून, कुणीतरी हाक मारली.

"मिर्को!"

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. तिला वाटलं, कुणी कुत्र्याला बोलावतंय. ती पुढे गेली. हाक पुन्हा आली, जवळून. मग पावलं ऐकू आली, घाईची, घसटत येणारी. तिने जीव खाऊन पायडल मारलं, तसा सायकलचा आवाजही वाढला, आणि मागून तोच शब्द, आता जवळजवळ रडवा: "मिर्को! थांब रे!"

घरी आल्यावर तिने सांगितलं, तर बेनेदेत्ता हसली. "अगं वेडाबाई, धुक्यात आमचे लोक दिव्याच्या खांबालाही रामराम करतात. कुणीतरी आपल्या दोस्ताला हाक मारली असेल."

पण हे एकदाच झालं नाही. अर्गिरोने वाट बदलली, तरी धुकं पडलं की कुठून ना कुठून ती हाक यायचीच. कधी मासळीबाजारामागून, कधी पुलाखालून. जणू सगळं शहर त्या एका नावाने तिला ओळखत होतं. ती रात्री दचकून उठायला लागली. सायकल टाकून द्यावी असंही मनात आलं. पण पायी जायचं म्हणजे धुक्यात आपला आवाजच नाही. त्याचीही तिला तितकीच भीती वाटू लागली होती.

शेवटी एका दुपारी तिने हिय्या केला. हाक आली तशी ती तटावरच थांबली, एक पाय जमिनीवर टेकवून. पावलं जवळ आली. धुक्यातून आधी एक टोपी आली, मग पांढऱ्या मिशा, मग जुना तपकिरी कोट घातलेला उंच म्हातारा. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. सरळ येऊन सायकलच्या सीटवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला, घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा.

"ही माझ्या मुलाची," तो म्हणाला.

"मी विकत घेतली आहे. लोरेदानाकडून."

"म्हणजे माझ्या मुलीने विकली." तो रागावला नाही. "मला म्हणाली, चोरीला गेली. बरं झालं, चोर तर चांगला मिळाला." मग त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "घाबरवलं ना तुला, पोरी? मी ओरेस्ते झागी. धुक्यात डोळे बंदच असतात, कानांनीच बघावं लागतं. आणि हा आवाज माझ्या कानांत कोरलेला आहे."

त्याने सांगितलं, ते त्याने याआधी खूपदा सांगितलं असावं, कारण त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. मिर्को बावीस वर्षांचा होता. असंच धुकं होतं. जेवायच्या आधी पाव आणतो म्हणून गेला. सायकल वोलानो नदीच्या पुलाच्या कठड्याला नीट टेकवून ठेवलेली सापडली, पाव हँडलला पिशवीत लटकत होते. तो काही दिवसांनी पाण्यात सापडला, बराच खाली.

"घसरला, म्हणतात. कुणी दुसरंही म्हणतात. पाव घेऊन कुणी मरायला जातं का? तूच सांग."

अर्गिरोने हँडलकडे पाहिलं, जिथे ते पाव लटकले असतील.

"माझं एक काम करशील? संध्याकाळी घरी जाताना आमच्या खिडकीखालून जात जा. वर येऊ नकोस, बोलू नकोस. नुसती जा."

नाही म्हणायला तिची जीभच रेटेना. आणि यात वाईट ते काय? म्हाताऱ्या जिवाला तेवढाच आधार.

मग ती रोज अंधार पडताना त्या गल्लीतून जाऊ लागली. टक्, किर्र. वर खिडकी उघडायची. पहिले काही दिवस नुसती उघडायची. मग एकदा आवाज आला, "आलास?" तिने मान खाली घातली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आलास का रे?" रोजचं झालं. त्या आवाजात रडणं नव्हतं आता. मुलगा वेळेवर घरी आल्यावर बापाच्या आवाजात जी किंचित कुरकुर असते, तीच फक्त होती.

आणि एका संध्याकाळी, कसं ते तिचं तिलाही कळलं नाही, ती सायकलवरूनच म्हणाली, "आलो, बाबा."

आलो. आले नाही.

कोपऱ्यावर जाऊन ती उतरली. शब्द तिच्याच तोंडातून आला होता, तिच्याच आवाजात. पण म्हणायचा विचार तिने केला नव्हता. नाव, गाव, आईचा चेहरा, सगळं तिने मनातल्या मनात ग्रीकमधून म्हणून पाहिलं, परीक्षेच्या आधी म्हणतात तसं. सगळं जागेवर होतं.

दोन दिवसांनी लोरेदाना दारात उभी. कोटाखाली दुकानाचा पांढरा झगा तसाच.

"काय चालवलंयस तू?" तिने आत यायच्या आधीच विचारलं. "काल बाबांनी टेबलावर त्याचं ताट मांडलं. भोपळ्याचं सारण भरलेल्या पास्त्याच्या कापेल्लाच्ची केल्या, त्याच्या आवडीच्या. मला म्हणाले, थांब, तो हात धुतोय."

अर्गिरो खाली बसली. "त्यांनीच सांगितलं होतं. मला वाटलं, बरं वाटेल त्यांना."

"बरं?" लोरेदानाचा राग अचानक ओसरला. तीही बसली. "तो गेल्यावर बाबा रोज सायकल अंगणात उलटी करून पायडल फिरवत बसायचे. नुसता आवाज ऐकायला. मी वर खोलीत कानात बोळे घालून पडायची. माझाही भाऊ होता गं तो. मला त्याचं हसणं आठवायचं असतं, आणि डोक्यात वाजतं ते चेनकव्हर. म्हणून विकली. वाटलं, परदेशी मुलगी आहे, वर्षभराने जाईल, आवाजही जाईल."

बेनेदेत्ताने न विचारता तिघींसाठी कॉफी ठेवली. त्या दिवशी ती एकदाही हसली नाही.

सकाळी अर्गिरो सायकल दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्याने चेनकव्हर काढून भिंतीला टेकवलं, मागचं चाक खोललं आणि उद्या या म्हणाला. तिथून ती पायीच ओरेस्तेकडे निघाली. तोंडावर सांगायचं होतं, की आता मी येणार नाही. तो तिला तटाखालीच भेटला, फिरायला निघालेला. धुकं दाट होतं.

"सायकल?"

"दुरुस्तीला टाकली. आता वाजणार नाही ती." तिने एका दमात सांगितलं. "सिन्योर झागी, मी त्या दिवशी 'आलो' म्हणाले. मी म्हणाले नव्हते ते. मला भीती वाटते."

म्हाताऱ्याने कोटाचं बटण लावलं. "लोरेदाना रडली का?"

"हो."

"माझ्यासमोर रडत नाही ती." मग त्याने तिच्यापुढे हाताचं कोपर केलं. "चल, पावाच्या दुकानापर्यंत सोबत कर. परतीचा मी एकटा जाईन."

दोघं तटावरून चालू लागले. वाट ओली होती, पानं पायांना चिकटत होती. आणि मागून, लांबून, आवाज आला.

टक्. किर्र.

अर्गिरो थांबली. तिने ओरेस्तेकडे पाहिलं. त्यानेही ऐकलं होतं. त्याची मिशी हलत होती. टक्, किर्र. आवाज सावकाश जवळ येत होता, जेवायच्या वेळेपूर्वी घरी पोचायची ज्याला घाई नाही अशा माणसासारखा. ती वाट बघत होती, की आता म्हातारा हाक मारणार. त्याने तोंड उघडलंही. आणि पुन्हा मिटलं. मग तिचं कोपर घट्ट धरून त्याने तिला वाटेच्या कडेला ओढलं, झाडाच्या बुंध्याला पाठ लावून दोघं उभी राहिली, जागा करून देतात तशी.

आवाज त्यांच्यासमोरून गेला. दिसलं काहीच नाही. गार हवेचा एक झोत तोंडावर आला, त्यात ताज्या पावाचा वास होता. मग आवाज पुढे गेला, वोलानोच्या बाजूला, आणि हळूहळू धुक्यात बुडाला.

"इतकी वर्षं मी त्याला थांब, थांब म्हणत होतो," ओरेस्ते म्हणाला. "त्याला पुढे जायचंय. मीच वाटेत उभा." त्याने टोपी काढली, तोंड पुसलं आणि टोपी पुन्हा घातली.

पावाच्या दुकानात त्याने दोघांपुरता पाव घेतला, स्वतःसाठी आणि लोरेदानासाठी. निरोप घेताना अर्गिरोचा हात हातात धरला.

चेनकव्हर तिने दुरुस्तीवाल्याकडेच सोडलं. सायकल आता गुपचूप चालायची. पुढे कधी त्या गल्लीतून जावं लागलं, तर खिडकी बंद असायची आणि तिला, खरं सांगायचं तर, थोडं वाईटही वाटायचं. फेब्रुवारीत एकदा ओरेस्ते तटावर समोरून आला, लोरेदानाच्या हातात हात. लोरेदाना मोठमोठ्याने कुणाची तरी नक्कल करत होती आणि म्हातारा हसत होता. अर्गिरो जवळून गेली. त्यांना कळलंच नाही.

ती अजून फेर्रारातच आहे. एका वर्षाची तीन झाली. बेनेदेत्ताला तिने त्या सकाळची गोष्ट कधीच सांगितली नाही. धुकं पडलं आणि मागून सायकल येताना ऐकू आली, की ती आधी बाजूला होते, जागा करून देते, आणि मगच वळून बघते. बहुतेक वेळा कुणीतरी असतं.