दोघंबी पॉझिटिव्ह

शेलूबाजारच्या ऑनलाइन सेंटरवर मी लोकांचे फॉर्म भरते, आणि अर्धवट फॉर्म मला खपत नाही. आधारवर आहे तसं पूर्ण नाव सांगा, बापाचं सांगा, आडनाव सांगा. "तेच ते, लिहून टाक ना बाई," म्हणणाऱ्याला मी सरळ रांगेतून बाजूला करते. माझ्या पाठीमागे लोक मला रत्नमाला मास्तरीण म्हणतात. म्हणोत बापडे. आयुष्यात एकच गोष्ट मला नाव घेऊन सांगायची होती, आणि नेमकी तीच मी अर्धवट सांगितली.

माझा नवरा ट्रकवर होता. तो वारला त्याला नऊ वर्षं झाली. त्याच्या आजारपणात माझंही रक्त तपासलं आणि कळलं की त्याचा एचआयव्ही मलाही झालाय. तेव्हापासून रोज संध्याकाळी एक गोळी. डबी हलली की गोळ्या वाजतात, म्हणून आत कापूस कोंबून ठेवते. गोळी मी कधी चुकवली नाही. वाशीमला दवाखान्यात मंजुषा मॅडम समुपदेशक आहेत, त्या दर वेळी रिपोर्ट बघून खूश होतात. रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी आहे, होणाऱ्या नवऱ्यालाही तुझ्यापासून लागण व्हायची नाही, खुशाल लग्न कर, असं त्यांनीच सांगितलं. फक्त एक अट घातली. "सांगून कर. आणि नाव घेऊन सांग. आडून आडून सांगशील तर समोरचा त्याला सोयीचं तेवढंच ऐकेल."

मॅडमचं मी मान डोलावून ऐकलं होतं.

संघदीप लाईनमन. बायको डेंग्यूनं गेलेली, घरी आई. आईच्या आरोग्य कार्डासाठी तो सेंटरवर आला आणि रेशन कार्ड विसरला. दुसऱ्यांदा आला, फोटो विसरला. पाचव्यांदा पुन्हा रेशन कार्डच विसरून आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस विसरभोळा नाही. मी खूप ओरडले त्याच्यावर. तो हसत उभा राहिला. मला तो आवडला, उगाच कशाला लपवू. नऊ वर्षांनी कुणीतरी माझं ओरडणं ऐकायला परत येत होतं.

मग आमच्या गल्लीतल्या केशरबाई मध्ये पडल्या. सोयरिकी जुळवायचा त्यांना भारी नाद. त्यांनी दोन्हीकडे विचारलं, आणि फेब्रुवारीत एका रविवारी संघदीपनं मला स्टँडजवळच्या रसवंतीत बोलावलं.

"केशरबाईनं त विचारलंच असंल," तो म्हणाला. "पण मले तुमच्या तोंडून ऐकायचं आहे."

हीच ती वेळ होती. रसाच्या चरकाचे घुंगरू वाजत होते, शेजारच्या बाकावर ओळखीचे दोघे बसले होते. आजाराचं नाव तोंडाशी आलं आणि तिथंच अडकलं. मी मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "मंग ऐका. मी पॉझिटिव्ह आहो."

संघदीपचा चेहरा असा फुलला की मी बघतच राहिले. "मी बी पॉझिटिव्हच आहो ना!"

मला खरंच वाटेना. "कधीपासून?"

"झाले दोन वर्षं. पयले मनच मानत नव्हतं. आईनं समजावलं."

"आईले माहीत आहे?"

"आईलेच त पयले सांगतलं."

मी तिथंच रडायला लागले. त्यानं रुमाल दिला, त्याला ग्रीसचा वास येत होता. "रडता काहून? आता त दोघं सारखेच झालो," तो म्हणाला. मलाही तेच वाटलं होतं.

नंतरचा सव्वा महिना मी हवेत होते. अर्धवट फॉर्मसुद्धा गोडीनं परत केले. आमचं हात हातात घेण्यापलीकडे काही गेलं नव्हतं, पण तेवढ्यानंही दिवस सरत होता. एकदा मी त्याला विचारलं, "गोळी चुकवत त नाही ना?" तो म्हणाला, "नाही बाप्पा, रोज सकाळी घेतो." ती बीपीची गोळी होती. ते मला फार उशिरा कळलं.

मार्चच्या सव्वीस तारखेला शेजारच्या गावी त्याच्या घरी बोलावणं आलं. अंगणात सात-आठ पाहुणे बसलेले, केशरबाई तर सगळ्यात पुढे. त्याची आई भागिरथाबाई चिवड्याच्या प्लेटा देत होत्या. देता देता मोठ्यानं म्हणाल्या, "घ्या बाप्पा, घ्या. पोरगा पॉझिटिव्ह, पोरगी बी पॉझिटिव्ह. दोघंबी पॉझिटिव्ह असल्यावर कायले टाइम लावता? साक्षगंधाची तारीख काढा!"

सगळे हसले. संघदीप लाजला.

माझा घास तोंडातच राहिला. जो आजार आम्ही कापसात दाबून ठेवतो, तो कुणी चिवड्याबरोबर वाटत नाही. सोयरिकीत हा शब्द असाच चालतो, हे काय मला माहीत नव्हतं? केशरबाई दिवसातून दहा वेळा फोनवर म्हणत, पोराकडचे पॉझिटिव्ह आहेत, पोरीकडचे अजून पॉझिटिव्ह नाहीत. पॉझिटिव्ह म्हणजे राजी. संघदीपनं मला राजी आहेस का विचारलं होतं, मी राजी आहे म्हणाले, आणि त्यानं आनंदानं मीही राजी आहे म्हणून सांगितलं. दोन वर्षं झाली होती ती दुसऱ्या लग्नाला त्याचं मन तयार होऊन. बस्, एवढंच झालं होतं त्या रसवंतीत.

त्यानं मला गाडीवर त्यांच्या गावच्या स्टँडला सोडलं. बस यायला दहा-बारा मिनिटं होती, आणि आजूबाजूला कुणी नव्हतं.

"काय झालं? चेहरा काहून उतरला?" त्यानं विचारलं.

"ऊन लागलं," मी म्हणाले.

तो धावत जाऊन पाण्याची बाटली घेऊन आला. मी पाणी प्यायले आणि बसमध्ये चढले.

त्यानंतर एकोणीस दिवस मी मनातल्या मनात वकिली केली. मी सांगितलंय. शब्द माझ्या तोंडून गेलाय. त्यानं काय ऐकलं ते त्याचं त्याला. असा फॉर्म कुणी माझ्या टेबलावर आणला असता तर मी तोंडावर फेकला असता. मधे वाशीमची तारीख होती. मंजुषा मॅडमनी विचारलं, "सांगितलं?" मी हो म्हणाले. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, वीस एप्रिलचं ठरलं होतं. नवी साडी आणली होती. मला तो हवा होता, बाकी काही नाही.

चौदा एप्रिलला जयंती. सकाळी संघदीपच्या गावच्या विहारात रक्तदानाचं शिबिर होतं. तो दरवर्षी रक्त देतो. मला बघताच तो हातात दोन कागद घेऊन आला.

"तुमचं नाव बी लिवलं मी. पयल्याच जयंतीले संगं रक्त देऊ," तो म्हणाला. "हा फॉर्म तेवढा भरा. तुमाले काय, डाव्या हातचा मळ!"

फॉर्मवर एकेक आजाराचं नाव होतं आणि पुढे हो-नाहीचे रकाने. मी त्याला विहाराच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ नेलं.

"मले एचआयव्ही आहे," मी म्हणाले. "नऊ वर्षं झाले. नवऱ्यापासून झाला. गोळी चालू आहे, माह्यापासून कोणाले होत नाही. रसवंतीत मी हेच सांगत होती."

त्यानं टाकीची गळकी तोटी घट्ट पिळली. मग म्हणाला, "आन् मी बी पॉझिटिव्ह म्हटलं, तवा तुमाले वाटलं का मले बी..."

"हो."

तो हसला. खरंच हसला. मला वाटलं, वाचले.

"मंग खरं कवा समजलं तुमाले?"

इथंही खोटं बोलता आलं असतं. "तुमच्या अंगणात. आईनं चिवडा देला तवा."

त्याचं हसू गेलं. "म्हणजे स्टँडवर तुमाले ऊन लागलंच नव्हतं."

मी मानेनंच हो म्हटलं.

"बिमारीचं मी डॉक्टरले विचारून घेतलं असतं," तो सावकाश म्हणाला. "त्याचं मले एवढं नाही. पण उद्या तुमी पुन्हा ऊन लागलं म्हटलं, त मी काय समजू?"

आतून त्याचं नाव पुकारलं. तो गेला आणि कॉटवर झोपून त्यानं रक्त दिलं. माझा फॉर्म मी घडी करून पर्समध्ये ठेवला, कोराच.

चार दिवसांनी केशरबाई तणतणत घरी आल्या. "संघदीपचं मनच फिरलं वं. आईले म्हणे, मीच निगेटिव्ह झालो, पोरीचा काही दोष नाही. भागिरथाबाई बोलून नाही राह्यली त्याच्यासंगं. विहारात सारे थू थू करून राह्यले, का विधवा पोरीले आस लावली आन् सोडून देली."

त्यानं माझ्या आजाराचं कुणालाही सांगितलं नव्हतं. सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता. चूक माझी होती, एवढं बोलायला मला आजाराचं नावही घ्यावं लागलं नसतं. केशरबाईंना सांगितलं की दिवस मावळायच्या आत दोन्ही गावांत होतं. भागिरथाबाई पुन्हा लेकाशी बोलायला लागल्या असत्या.

केशरबाई माझ्याकडे निरखून बघत होत्या. "तुहा चेहरा काहून असा झाला वं? काही झालं होतं का तुमच्या दोघात?"

"नाही," मी म्हणाले. "ऊन लागलं."