टक् झाल्यावर

“काढलास का?” ओठ न हलवता आईनं विचारलं.

“काढले की. चार काढले.”

“मग सांगायचं नाही? गाल दुखले माझे.”

आईची नजर गेल्यापासून फोटो निघाल्याचं तिला आवाजावरूनच कळायचं. मुलाच्या जुन्या कॅमेऱ्यात आत एक छोटा आरसा होता. बटण दाबलं की तो वर उडायचा आणि खटकन आवाज व्हायचा. हा नवा कॅमेरा बिनआरशाचा. आवाज बंद ठेवला तर शेजारी बसलेल्यालाही पत्ता लागत नाही.

“बरं झालं आरसा नाही ते,” स्वयंपाकघरातून सून म्हणाली. “नाहीतर ह्यांनी आधी स्वतःचाच भांग पाडला असता.”

“केस उरलेत का त्याला अजून?” आईनं विचारलं.

मुलगा हसला. तो फ्रिज दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढायचा. इतरांच्या मोठ्या कॅमेऱ्यांपेक्षा या नव्या कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा सेन्सर लहान, म्हणून फोटोवाले मित्र या कॅमेऱ्याला ‘हाफ तिकीट’ म्हणत. म्हणेनात का! हत्यारांच्या पिशवीत पाने आणि फ्रिजच्या गॅसचं मीटर यांच्यामध्ये हा कॅमेरा अलगद बसायचा. एका घरून दुसऱ्या घरी जाताना तारेवरची चिमणी किंवा दुकानाच्या काचेला नाक लावून उभं असलेलं पोर दिसलं, की पिशवी उघडायची आणि टिपायचं. शिवाय जुनीच लेन्स या लहान सेन्सरपुढे लावली की लांबूनही चेहरा चौकटभर दिसे. माणसाच्या अंगावर जावं लागत नसे.

आज मात्र काम अडलं होतं. कालच आईनं फर्मान काढलं होतं, “भिंतीवर लावायचा फोटो आत्ताच काढून ठेव. मी गेल्यावर घाईत कुठलातरी लावाल. तुझ्या वडिलांचं काय केलंत? ओळखपत्रावरचा मोठा करून लावलात. घरभाडं मागायला आल्यासारखे दिसतात.”

आणि चारही फोटोंत आई दातांच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखी दिसत होती. मान ताठ, ओठ ताणलेले. ही आई नव्हती.

तो उठून दारापाशी जाऊन बसला. कॅमेरा डोळ्याला लावला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, “टक्!” जुन्या कॅमेऱ्याचा यायचा, अगदी तसा.

आईनं श्वास सोडला. गाल खाली आले, ओठ सैलावले. काहीतरी विचारायचं असल्यासारखी ती आवाजाच्या दिशेनं वळली. त्यानं बटण दाबलं. कसलाच आवाज झाला नाही.

स्वयंपाकघराच्या दारातून सुनेनं ते पाहिलं. “अहो, सांगा त्यांना,” ती हळूच म्हणाली.

त्यानं कॅमेरा खाली घेतला. मग म्हणाला, “आई, ते टक् मी तोंडानं केलं. फोटो त्याच्यानंतर काढला.”

“म्हणजे फसवलंस.”

“हो.”

“कसा आलाय? खरं सांग.”

त्यानं कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांजवळ धरला. “मी उशिरा घरी यायचो ना, तेव्हा ‘जेवलास का’ म्हणायच्या आधी तुझा जो चेहरा असायचा, तसा.”

“आणि डोळे?”

“माझ्याकडे बघताहेत.”

“बघताहेत?”

“तसं वाटतं, आई.”

आईनं मान हलवली. “मग तोच लाव भिंतीवर. बघायचं तुम्हालाच आहे.”

मग तिनं पाठ सरळ केली, दोन्ही हातांनी केस चापून बसवले आणि पुन्हा ओठ ताणले.

“आता एक माझा काढ. मला दे तो. आरशासमोर मी अशीच बसायचे. मला माझा हाच चेहरा ठाऊक आहे.”

सून हात पुसत आली. सासूच्या कानामागची सुटलेली बट तिनं नीट केली आणि ती बाजूला झाली.

त्यानं जीभ टाळ्याला लावली, बोट बटणावर ठेवलं. या खेपेला दोन्ही एकदमच.

“टक्!”

“झालं?”

“झालं, आई.”

तरी तिनं ते हसू लगेच सोडलं नाही.