फिरत्या पुलापाशी अडलेली बोट

इंग्लंडहून परतल्यावर आमच्या ह्यांनी नारायण पेठेतल्या घरी दहा-पंधरा माणसं गोळा केली आणि टीव्हीवर फोटो दाखवायला घेतले. पोहे अर्थातच मी केले होते.

इंग्लंडमध्येच राहणाऱ्या पुष्करने, आमच्या मुलाने, आम्हाला एक दिवस कालव्यातून बोटीने फिरवलं होतं. "हा मी सुकाणूवर," हे म्हणाले. पुढचा फोटोही तसाच. मी कुठेच नव्हते, कारण मी काठावर राबत होते. त्या कालव्याला पाण्याच्या पायऱ्या असतात, त्यांना लॉक म्हणतात. बोट आत घ्यायची, दारं लावायची, पाणी भरून बोट वर आली की पुढची दारं उघडायची. दारं कसली, हत्तीच ते! मी ती पाठ लावून ढकलत होते आणि हे बोटीतून सूचना करत होते. एकदाच सुकाणू द्या, म्हटलं. "तुला नाही जमायचं." हेच म्हणत ह्यांनी माझी स्कूटर विकली होती. तीस वर्षं ऐकून माझे कान किटले होते.

मग फिरता पूल आला. रस्त्याचा हा पूल किल्लीने सोडवून बाजूला ढकलला, की बोटीला वाट मिळते. किल्ली घेऊन मी उतरले आणि कठड्याला टेकून नुसती उभी राहिले. हे ओरडले, दटावू लागले. मागे दोन बोटी खोळंबल्या. पुष्कर मोबाइलवर सगळं टिपत होता. शेवटी सुकाणू माझ्या हातात आलं आणि उरलेली दारं ह्यांनी ढकलली.

आणि इथे पाहुण्यांना हे सांगत होते, "पूल जाम झाला होता हो. नंतर म्हटलं, हिलाही जरा चालवू दे, हौस म्हणून."

खरं तर मी गप्पच बसणार होते. पण ते वाक्य डोक्यात गेलं. पुष्करचा व्हिडिओ टीव्हीवर लावला, आवाज वाढवला. पडद्यावर हे हात जोडून उभे होते.

"श्यामला, चुकलं माझं. तूच चालव. पण पूल उघड, लोक बघतायत."

खोलीत हशा पिकला. ह्यांचा चेहरा पडला. खोटं कशाला बोलू, माझ्या जिवाला थंडावा मिळाला.

"पुरे आता, बंद कर," हे हळूच म्हणाले.

"मागच्यांना नीट ऐकू आलं नसेल," मी म्हटलं आणि व्हिडिओ पुन्हा लावला.