पुढे बांधलेला लाल कपडा

मी लाल कपडा बोलतोय. पोलीस चौकीतल्या एका गाठोड्यात पडून आहे. माझ्यावर एका माणसाचं रक्त आहे. ते कुणाला दिसत नाही. माझा रंगच तसा.

भिवंडीच्या मागावर मी विणला गेलो. कार्ल्याच्या डोंगरावर देवीच्या ओटीत चढलो आणि प्रसाद म्हणून नावडे गावच्या गोजराबाईकडे आलो. तिच्या मुलाने, गोटीरामने, नवा टेंपो घेतला होता. "गारीला राखंल," म्हणत तिने मला त्याच्या हवाली केलं.

जिकडेतिकडे इमारती उठत होत्या. गोटीराम कळंबोलीहून लोखंडी सळ्या भरायचा. टेंपो आखूड, सळ्या लांब. माणसाच्या उंचीएवढ्या मागे बाहेर यायच्या. नियम साधा आहे. बाहेर आलेल्या मालाच्या टोकाला दिवसा लाल कपडा, अंधारात लाल दिवा. कारण मागून येणाऱ्याला सळईची लांबी दिसत नाही. नुसता ठिपका दिसतो, तोही दिसला तर.

त्या दिवशी गोटीरामने मला सळ्यांच्या टोकाला बांधलं आणि जेवायला घरी आला. जेवणं उरकली. सानपाड्याला लेकीकडे जायचं म्हणून गोजराबाईही निघाली. मला पाहून ती थबकली.

"द्येवीचा कपरा मागं धूल खायाला बांदलास?"

"आये, कायदा हाय तसा."

"कायदा तुझा. द्येवी माझी हाय. पुढं बांद."

गोटीराम हसला. आईशी कोण वाद घालणार? त्याने मला सोडून आरशाच्या दांडीला बांधलं. मी वाऱ्यावर ऐटीत फडफडत निघालो. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं.

सानपाड्याच्या वळणावर म्हैस आडवी आली. गोटीरामने ब्रेक दाबला. मागे स्कूटर होती.

मी पुढे होतो. मला फक्त आवाज ऐकू आला, आणि मग एका बाईचा, "अहो, अहो..." एवढाच.

स्कूटरवर नंदकिशोर होता, मागे त्याची बायको वैशाली. तो जागीच गेला.

आणि जमलेल्या गर्दीतला एक जण काय म्हणाला? "अरे, पोलीस यायच्या आत फडकं मागे टाक." गोटीरामने मला हिसडून ओढलं. मी फाटलो. त्याने मला त्या रक्ताने ओल्या सळईला बांधलं. देवाघरून आलेला मी, एका मेलेल्या माणसाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहिलो.

हवालदार आला. वैशाली रस्त्यावरच बसली होती. "मागे काही नव्हतं हो. आम्हाला काहीच दिसलं नाही."

"ताई, फडकं तर हे काय, सळईला बांधलेलं आहे."

"स्कूटरवाले असेच घुसतात," गर्दी म्हणाली.

म्हणजे मेला तो, आणि चूकही त्याचीच.

गोजराबाई केबिनमधून उतरली. मुलाकडे तिने पाहिलं नाही. "सायेब, हिकरं या." तिने आरशाच्या दांडीकडे बोट केलं. माझी एक चिंधी तिथे अजून गाठीत अडकली होती. "कपरा हितं व्हता. मीच बांदायला लावला."

"आये, गप," गोटीराम म्हणाला.

"तिचा मानूस गेला रं," ती म्हणाली, आणि वैशालीशेजारी डांबरावर जाऊन बसली.

गाठोड्याबाहेर माझं एक टोक लोंबतंय. चौकीच्या खिडकीतून मला हमरस्ता दिसतो. रोज सळ्या जातात. पुढे हार, लिंबू-मिरच्या. मागे उघडी टोकं.

मला पुढे मिरवू नका. शेवटच्या सळईच्या टोकाला बांधा, धुळीत. देवीने मला तिथे बांधण्यासाठीच परत दिलं असेल.