तसबिरीमागचे अकरा

तसबिरीमागे अकरा बार्बेइरो, रात्री माणसाचं रक्त पिणारे किडे, निघाले: सात मोठे, चार अजून पंख न फुटलेले. टाकलेल्या कातीच एकोणतीस. आरोग्यखात्याच्या आदेनिल्सनने चिमट्याने एकेक किडा बाटलीत टाकला आणि झाकणावर घराचा क्रमांक लिहिला.

"त्याला पालथा नको ठेवूस रे," झुल्मिरा खाटेवरून म्हणाली.

तसबिरीत तिचा नवरा होता. फोटोवरून रंगवलेला, जन्मात कधी न घातलेल्या निळ्या कोटात. तीस वर्षांपूर्वी तो कापसाच्या शेतात उभ्या उभ्या कोसळला. तेव्हापासून फवारणीवाले दरवर्षी तसबीर उतरवायला सांगत, आणि ती म्हणे, "मेलेल्या माणसाला जागेवरून हलवतात का?" मग ते तेवढी भिंत सोडून फवारत. खाली लेकीची, इवानेचीची खाट असे. तिन्हीसांजेला मातीच्या भिंतीत सळसळ व्हायची. "बाबा जागा आहे तुझा," ती पोरीला सांगायची. "झोप."

गेल्या महिन्यात झुल्मिराच्या छातीत तीन तारांचं यंत्र बसवलं. याच किड्याच्या आजाराने तिच्या हृदयाच्या दोन बाजू मागेपुढे आकुंचन पावत होत्या. यंत्र त्यांना एका वेळी ठोका देई. निघताना डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं होतं, भिंतीवर काय काय टांगलंय? म्हणून आज तिने तसबीर उतरवू दिली.

"बोट पुढे कर," ती आता लेकीला म्हणाली.

"मला काय झालंय? दोन घागरी घेऊन चढ चढते मी."

"तुझा बाबा चार घेऊन चढायचा. कर म्हणते ना!"

"ओरडू नकोस, आई. आठ वर्षांची बॅटरी आजच संपवशील."

पण इवानेचीने बोट पुढे केलं. आदेनिल्सनने रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. "एक रेघ आली तर काही नाही, ताई. दोन आल्या तर आजार आहे. पंधरा मिनिटं."

भिंतीवर तसबिरीएवढा चौकोन उरला होता, किड्यांच्या विष्ठेच्या काळ्या ओघळांचा. ऊन उतरलं. झुल्मिरा कान देऊन बसली. आज काहीच वाजलं नाही.

"किती झाली?"

"चौदा. हात द्या, झुल्मिराबाई. तोवर नाडी बघतो."

त्याने घड्याळाकडे पाहत पुरं एक मिनिट मोजलं. ठोके सत्तर, एकही चुकलेला नाही. पट्टीवर रेघा दोन.